देठ बघून घेतलेला लॅपटॉप

जुन्या वस्तू बोलू लागल्या की ऐकणारे आधीच डोळे पुसायला रुमाल काढतात. मित्रांनो, तुम्ही तो खिशातच राहू द्या. मी कुणाची कीव मागायला आलेलो नाही. मी एक लॅपटॉप आहे. रंगाने काळा, अंगाने जाड, आणि एकदा नव्हे तर तीनदा विकला गेलेला. माझ्या झाकणाच्या कोपऱ्याचा टवका उडाला आहे. माझ्या काही बटणांवरची अक्षरं घासून पार कोरी झाली आहेत. पण बटण दाबलं की अक्षर उमटतं, आणि बटणाचं काम तेवढंच असतं.

माझा जन्म दूरदेशीच्या एका कारखान्यात झाला. तिथलं मला फारसं आठवत नाही. जन्माच्या वेळचं कुणाला आठवतं? एवढं मात्र पक्कं ठाऊक आहे की आमचं घराणं कचेरीतल्या कामासाठी घडवलेलं. नटण्यामुरडण्याला तिथे वाव नव्हता. बिजागऱ्या लोखंडी, बटणं खोल, आणि पोटातली प्रत्येक गोष्ट स्क्रूने बसवलेली, म्हणजे बिघडलं तर उघडता यावं. तेव्हा मला याचं काही वाटत नसे. पुढे याच गोष्टीने मला वाचवलं.

नाशिकला मी आलो तो शरणपूर रोडवरच्या एका विमा कंपनीत. तिथे इंदिरा मॅडम नावाच्या अधिकारी होत्या. त्यांच्या टेबलावर मी काही वर्षं काढली. मॅडम बटणं अशा दाबायच्या की जणू समोरचा माणूस बहिरा आहे आणि त्याला ऐकू जायला हवं. माझ्या झाकणावर चहाचा कप ठेवायच्या, आणि पाहुणे आले की म्हणायच्या, “हा म्हणजे माझा उजवा हात.” उजव्या हातावर कुणी चहा ठेवत नाही, पण कौतुक ते कौतुक. मी खूश होतो.

मग एक दिवस पातळ, चंदेरी लॅपटॉपांची खोकी आली. मॅडमनी नव्याला हात लावला आणि म्हणाल्या, “अगोबाई, किती हलका!” संपलं. मी आणि माझी भावंडं जिन्याखालच्या खोलीत, तुटक्या खुर्च्या आणि जुन्या पंख्यांच्या सोबतीला जाऊन पडलो. मित्रांनो, त्या खोलीबद्दल मी जास्त सांगणार नाही. माझी प्रकृती ठणठणीत होती आणि मला काम नव्हतं, यापेक्षा वाईट काही नसतं. नंतर कंपनीने आम्हाला घाऊक भावात काढून टाकलं.

त्या ढिगातून मला उचललं ते गोरक्षदादाने. गोरक्षदादा मूळचा निफाडचा. महात्मा गांधी रोडच्या एका गल्लीत, जिना चढून वर गेलं की त्याचं छोटं दुकान. त्याने मला उघडलं, झटकलं, नवी बॅटरी घातली, जुनी डिस्क काढून वेगवान डिस्क बसवली, मेमरी वाढवली. मग सुरू करून कान लावून बसला. डॉक्टर छातीला नळी लावून बसतात तसा. “अजून लय दम हे याच्यात,” तो स्वतःशीच म्हणाला. मला तो माणूस त्या क्षणापासून आवडला.

दम असूनही मी फळीवरच होतो. येणारी पोरं मला उचलायची आणि म्हणायची, “दादा, लॅपटॉप आहे का पाटा?” हलका घ्यायची आणि जायची. मीही कुणाच्या मागे लागलो नाही. ज्याला कळेल तो घेईल, असा माझा खाक्या होता.

आणि ज्याला कळलं ती मीना होती.

मीना पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावरची. वडील सोमा, आई फुलाबाई. डोंगरउतारावर भात आणि नागली, म्हणजे नाचणी, आणि सुगी संपली की सगळं घर द्राक्षाच्या कामाला खाली निफाडकडे नाहीतर पिंपळगावकडे. त्या घरातून कॉलेजात गेलेली मीना पहिलीच. तिने कॉम्प्युटरचा अभ्यासक्रम घेतला होता आणि ती नाशिकला मुलींच्या वसतिगृहात राहत होती. आता गंमत बघा. कॉम्प्युटर शिकणाऱ्या मीनाकडे कॉम्प्युटरच नव्हता. कॉलेजच्या प्रयोगशाळेत तिघींना मिळून एक मशीन. ज्या मुलीला आधीपासून येत असे तिची बोटं बटणांवर, आणि मीना मागे उभी राहून बघणार. वसतिगृहात परत आली की मोबाइलच्या एवढ्याशा पडद्यावर प्रोग्राम लिहायचा. पोहायला शिकायचं आणि तेही तांब्यात, अशातली गत. व्हायचं तेच झालं. पहिल्या चाचणीत मीना नापास झाली.

सोमाने ते फोनवर ऐकलं. तो रागावला नाही. रागावला असता तर बरं झालं असतं, असं मीना पुढे कुणाला तरी म्हणाली. तो शांतपणे म्हणाला, “पहिली मोठी परीक्षा बघू. पास झालीस तर शीक. नायतर औंदा टोळीत चल. तिथं बसून नापास व्हायचं, त्यापेक्षा इथं दोन हात वाढतील.” आणि त्याने किशोर मुकादमाला तसं सांगूनही ठेवलं. किशोर मुकादम म्हणजे पाड्यावरची माणसं टेम्पोत भरून द्राक्षाच्या कामाला नेणारा. त्याच्या हिशेबात मीना आत्ताच जमा होती.

तेव्हा मित्रांनो, मला विकत घेणं ही मीनासाठी हौस नव्हती. पिंपळगावच्या पॅकहाउसमध्ये द्राक्षं निवडून तिने स्वतः कमावलेले पैसे होते, आणि ते एकदाच खर्च करता येणार होते. चुकीचा लॅपटॉप घेतला असता तर शिक्षणच गेलं असतं.

बरोबर तिची मैत्रीण होती, मृण्मयी. वर्गातलीच, कॉलेज रोडला राहणारी, एका श्वासात चार वाक्यं बोलणारी. जिना चढतानाच तिचं चालू होतं.

“अगं, मी तुला सांगते ना, शोरूममधला तो गुलाबी सोनेरी घे. कित्ती गोड दिसतो! आणि बॅग फुकट! हे बघ, इथे सगळे काळे दगड आहेत.”

दगड म्हटल्यावर मी मनातल्या मनात ताठ झालो. पण मृण्मयी काही नुसती बडबडी नव्हती. काउंटरवर पोचताच तिने गोरक्षदादाची उलटतपासणी सुरू केली. “रॅम आठ जीबी आहे? नक्की? दाखवा. एसएसडी आहे ना? सरांनी सांगितलंय, याच्या खाली घेऊ नका म्हणून. प्रोसेसर कितव्या पिढीचा?” गोरक्षदादाने मला सुरू करून सगळं पडद्यावर दाखवलं. मृण्मयीने वाचलं, मान डोलावली, आणि तरी म्हणाली, “पण दिसतो कसा हा!”

आता मीना पुढे झाली. तिने मला उचललं आणि सरळ पालथं केलं. तोपर्यंत कुणा गिऱ्हाइकाने मला पालथं केलं नव्हतं, सगळे तोंड बघून जायचे. तिने माझी खालची बाजू न्याहाळली, जाळीवर बोट फिरवलं, स्क्रूची डोकी झिजलीत का ते बघितलं, बिजागरीला हलकेच हिसका दिला, मग तारा जोडायची भोकं एकेक करून तपासली.

गोरक्षदादा बघत होता. त्याने विचारलं, “ताई, पॅकहाउसला होत्या का तुम्ही?”

मीना चपापली. “तुम्हाला कसं कळलं?”

“निफाडचा हे ना मी. घड असाच बघत्यात. आधी उलटा करायचा, देठ बघायचा.”

मीना पहिल्यांदा हसली. “वरची चमक कशी पण आणता येती, दादा. देठ सुकला की माल गेला.” मग मला सरळ ठेवत ती म्हणाली, “ह्याचा देठ हिरवा हाय.”

मित्रांनो, इंदिरा मॅडमनी मला उजवा हात म्हटलं होतं. पण हे त्याहून मोठं प्रशस्तिपत्र होतं. माझ्या अंगावर मांस असतं तर ते मूठभर चढलं असतं.

मग मीनाने प्रश्न विचारले. तिचे प्रश्न माहितीपत्रकात सापडणारे नव्हते. “आमच्या पाड्यावर नेट नाय. नेट नसलं तर चालंल का?” चालेल, म्हणाला गोरक्षदादा, सगळं याच्या पोटातच आहे. “लाइट गेल्यावर?” नवी बॅटरी आहे, सकाळभर खेचेल. “आणि बिघडला तर उघडतो का?”

यावर गोरक्षदादाने पेचकस घेतला आणि तिच्यासमोर माझं पोट उघडून दाखवलं. “हे बघा. मेमरी निघती, डिस्क निघती, बॅटरी निघती. पुढं वाढवायचं म्हटलं तरी वाढती. शोरूममधल्या स्वस्त पीसमध्ये बरंच काही चिकटवलेलं असतं. वाईट नसतो तो, पण घेतला तेवढाच राहतो.”

मृण्मयीने वाकून माझ्या पोटात बघितलं. तिला विचार करताना मी पहिल्यांदाच बघत होतो. मग तिने पवित्रा फिरवला. “मीना, हाच घे. दिसण्याचं काय, मी स्टिकर लावून देते. दादा, आता भावाचं बोला, आणि नीट बोला हं.” तिने अशी काही घासाघीस केली की शेवटी गोरक्षदादाने हात जोडले, चार्जर नवा दिला, आणि वर सहा महिन्यांची हमी दिली. “काही झालं तर माझ्याकडंच आणायचा. दुसऱ्या कुणाला उघडू द्यायचा नाय.” अशा रीतीने मी मीनाचा झालो.

वसतिगृहातले ते दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात चांगले. मीनाला टाइप करता येत नव्हतं. एक बोट, मग एक अक्षर, मग दुसरं अक्षर शोधत शोधत पुन्हा एक बोट. कोऱ्या झालेल्या बटणांपाशी ती अडायची. पण अडता अडता तिने सगळ्या जागा तोंडपाठ केल्या, आणि गणपती उठेपर्यंत ती न बघता लिहू लागली. चुका तर किती करायची! मी पडद्यावर लाल ओळ दाखवायचो, ती “हां, थांब” म्हणायची, जशी काही मला घाई आहे. पुन्हा लिहायची. प्रयोगशाळेत आता ती मागे उभी राहत नसे.

परीक्षेसाठी प्रत्येकाने स्वतःचा एक छोटा प्रोग्राम करून दाखवायचा होता. कुणी कॅल्क्युलेटर केला, कुणी ग्रंथालयाची नोंदवही. मीनाने द्राक्षांची प्रतवारी करणारा प्रोग्राम घेतला. मण्याचा आकार सांगा, गोडी सांगा, देठ कसा आहे ते सांगा. प्रोग्राम सांगेल की हा घड परदेशी जाणार, बाजारात जाणार की बेदाण्याला. पॅकहाउसमध्ये तिचे हात जे झरझर करायचे, ते आता तिला पायरी पायरीने मला समजावून सांगावं लागत होतं. ते तिला फार आवडत होतं. मलाही. विम्याच्या आकड्यांपेक्षा द्राक्षं केव्हाही गोड.

दिवाळीच्या सुटीत प्रोग्राम पुरा करायचा होता. मृण्मयीने बजावलं होतं, “पेनड्राइव्हवर एक कॉपी ठेव बरं का.” मीना “करते, करते” म्हणाली आणि एसटीत बसली.

पाड्यावर माझं स्वागत सोमाने केलं. त्याने मला सगळीकडून बघितलं आणि विचारलं, “जुना घेतलास? बाजारात जुना बैल घेताना दात बघत्यात. ह्याचे बघितलेस का?”

मीनाने झाकण उघडलं. सोमा बटणांकडे बघत राहिला. “दात तर लय हायत,” तो म्हणाला, “झिजलेत पण.” आणि हसला. पण हसणं संपल्यावर त्याने विचारलंच, “ह्याच्यावर पास होशील?”

“होईन, बा.”

सोमा विळा उचलून शेताकडे निघाला. भाताची कापणी चालू होती. मीना सकाळी शेतात जायची, ऊन उतरल्यावर घरी येऊन माझ्यासमोर बसायची. लाइट कधी असायची, कधी नसायची. माझी बॅटरी आपलं वचन पाळत होती. मीना दिवसभर नसताना मला सांभाळायची जबाबदारी फुलाबाईने आपणहून घेतली. आणि इथे, मित्रांनो, माझ्यावर तो प्रसंग आला.

फुलाबाईने आयुष्यात लॅपटॉप पाहिला नव्हता. पण मौल्यवान वस्तू कशी सांभाळायची, हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्या डोंगरातल्या घरात सगळ्यात मौल्यवान काय? बियाणं. आणि बियाणं कुठे ठेवतात? चुलीच्या वर टांगलेल्या बांबूच्या ताटीवर. खालून रोज धूर लागतो, म्हणून किडा लागत नाही, उंदीर तिकडे फिरकत नाही, दमटपणा शिवत नाही. आईने तेच केलं, आजीने तेच केलं. तेव्हा मीना शेतात गेली की फुलाबाई मला स्वच्छ फडक्यात गुंडाळायची आणि ताटीवर ठेवायची. खाली चूल पेटायची, भाकऱ्या व्हायच्या. मीना यायच्या आत मला उतरवून, पुसून, पुन्हा कोनाड्यात. धुराचा वास येत होता, पण त्या घरात धुराचा वास कशाला येत नव्हता?

तापलेल्या धुरातली काजळी माझ्या जाळीतून आत आत बसत गेली. माझा पंखा जड झाला. मीना काम करू लागली की मी धापा टाकायचो. तिला वाटायचं, उकाड्यामुळे असेल. एका संध्याकाळी प्रोग्रामचा शेवटचा भाग चालू असताना माझं अंग असं तापलं की मी स्वतःहून बंद झालो. आमच्या घराण्यात ती सोय आहे. ताप चढला की डोकं चालवायचं थांबवायचं. मी मेलो नव्हतो. पण ते सांगायला पडदा लागतो, आणि पडदा काळा होता.

मीनाने बटण दाबलं. पुन्हा दाबलं. गार होईपर्यंत थांबून दाबलं. पंखा एक घरघर करून थांबायचा. ती जमिनीवर बसली आणि दोन्ही हात माझ्यावर ठेवून तशीच राहिली. कॉपी कुठेच नव्हती. सुटी संपत आली होती, आणि परीक्षा तोंडावर.

“काय झालं त्याला?” फुलाबाईने विचारलं.

“आई, दिवसभर ह्याला कुठं ठेवतेस तू?”

फुलाबाईने अभिमानाने वर बोट दाखवलं. “बियाण्याच्या ताटीवर. तिथं कीड नाय, उंदीर नाय. कोनाड्यात काय भरवसा?”

मीना उठली. तिच्या चेहऱ्यावर राग चढताना मी पाहिला. तो रास्तच होता. ती ओरडणार होती. आणि तिने वर बघितलं.

ताटीवर बियाणं नव्हतंच. ताटी लहान आणि मी रुंद. मला जागा व्हावी म्हणून फुलाबाईने यंदाची निवडून काढलेली नागलीची कणसं खाली उतरवून भिंतीशी टोपलीत ठेवली होती. टोपलीतल्या कणसांना उंदरांनी दात लावले होते. बरीच फस्त केली होती.

“आई, हे बियाणं...”

“नागली दुसऱ्याकडून मागून आणता येईल,” फुलाबाई म्हणाली. “हे कोण देणार?”

मित्रांनो, मला उगाच गहिवरायची सवय नाही. पण ज्या बाईच्या घरात पुढच्या वर्षाची भाकर ताटीवर असते, तिने ती भाकर उंदरांच्या तोंडी देऊन तिथे मला बसवलं होतं. असा मान मला कुणी दिला नव्हता. मीना ओरडली नाही. ती आईच्या गळ्यात पडून रडली, आणि फुलाबाईला काही कळेना की आपलं काय चुकलं.

कळल्यावर मात्र तिचा चेहरा उतरला. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, “मी पण येते नाशिकला.” मीना म्हणाली, कशाला. फुलाबाई म्हणाली, “मी बिघडवला ना. मग बरा होताना बघते.” आणि मला मांडीवर घेऊन ती एसटीत बसली.

गोरक्षदादाने माझी खालची बाजू उघडली आणि मागे सरकला. “ताई, चुलीत घातला होता का ओ?”

“चुलीवर,” मीना म्हणाली. “बियाण्याच्या जागी.”

गोरक्षदादा शेतकऱ्याच्या घरातला. त्याने फुलाबाईकडे बघितलं आणि हसू आवरलं. मग बारीक ब्रश घेतला, पंखा काढला, पात्यांवरची चिकट काजळी खरवडली, जाळी साफ केली, फुंकणीने आतलं सगळं उडवलं. फुलाबाई काउंटरवर हनुवटी टेकवून बघत होती. “ह्याला काय काय सोसत नाय, ते सांगा मला,” ती म्हणाली.

“धूर सोसत नाय, धूळ सोसत नाय, पाणी सोसत नाय. आणि बाजूची जाळी झाकायची नाय, श्वास लागतो त्याला.”

“म्हणजे सर्दीपडशाचं पोर हाय म्हणा की,” फुलाबाई म्हणाली. “आधी सांगायचं ना. असलं पोर वाढवलंय मी.” आणि तिने मीनाकडे हनुवटीने खूण केली.

गोरक्षदादाने बटण दाबलं. मी एक लांब श्वास घेतला आणि उजळलो. मीनाने आपला प्रोग्राम शोधला. होता. शेवटच्या काही ओळी तेवढ्या गेल्या होत्या. आता तिथल्या तिथे, दुकानात उभ्यानेच, तिने आधी पेनड्राइव्ह लावला. अक्कल येते ती अशी.

परीक्षेच्या दिवशी बाहेरगावचे परीक्षक आले होते, करड्या मिशांचे. सकाळपासून कॅल्क्युलेटर बघून ते कंटाळले होते. मीनाचा प्रोग्राम बघून त्यांनी खोडी काढली. मण्याचा आकार म्हणून त्यांनी बोराएवढा नव्हे, चक्क नारळाएवढा आकडा टाकला. मी मीनाने शिकवलं तेच पडद्यावर उमटवलं: ‘एवढा मणी द्राक्षाचा नसतो. पुन्हा मोजा.’

परीक्षकांच्या मिशा हलल्या. “हे कुणी सुचवलं तुला?”

“पॅकहाउसमध्ये घाईत चुकीचं माप सांगत्यात, सर. मुकादम ओरडतो. म्हणून मी प्रोग्रामलाच परत विचारायला लावलं.”

त्यांनी बरंच काही विचारलं, आणि मीना एकदाही अडखळली नाही. मागच्या बाकावरून मृण्मयी दोन्ही अंगठे वर करत होती. पुढे लेखी परीक्षाही झाली. निकाल लागला तेव्हा मीना सगळ्या विषयांत पास होती. द्राक्षांच्या प्रोग्रामला वर्गात सगळ्यात जास्त गुण मिळाले होते, आणि त्यातले थोडे माझे होते असं मला वाटतं.

आता आत्मवृत्त म्हटलं की उपदेश आलाच, तर तोही करून टाकतो. मित्रांनो, कॉलेजसाठी लॅपटॉप घेताना त्याचं तोंड बघून भुलू नका. आपलं काम काय, आपल्या गावात लाइट किती, नेट किती, तो उघडून दुरुस्त होतो का, हे विचारा. जुना असला तरी लाजू नका, नवा असला तरी फुगू नका. आणि घेतल्यावर त्याला जपा. पण जपताना विचारून जपा. माया करणाऱ्याने एवढं तरी विचारावं की बाबा रे, तुला काय सोसतं? फुलाबाईने ते एका खेपेत शिकून घेतलं. शिकलेल्या घरांत मी अजून चहाचे कप झाकणांवर पाहतो.

पण उपदेशापाशी माझी गोष्ट संपत नाही.

संक्रांतीच्या आधी मीना दोन दिवस घरी आली. मी ओट्यावर उघडा होतो, तिच्या पुढ्यात. उन्हं अंगणात आली होती. तेवढ्यात किशोर मुकादमाचा टेम्पो चढ चढून वर आला. काढणी सुरू झाली होती, त्याला माणसं हवी होती. मागे आधीच शेजारपाजारची माणसं बोचकी घेऊन बसली होती.

“सोमा, चला,” किशोरने खालूनच हाक दिली. “तुम्ही दोघं आणि मीना, तिघं धरलेत मी.”

मीनाची बोटं माझ्यावर थांबली. निकाल तिने बापाला कळवला होता. त्यावर तो फक्त “बरं” म्हणाला होता. त्या ‘बरं’चा अर्थ तिला लागला नव्हता, आणि विचारायची हिंमत झाली नव्हती.

सोमाने बोचकं उचललं आणि टेम्पोत टाकलं. “दोघंच धर,” तो म्हणाला.

“आरं, मीना ही काय बसली! पास झाली म्हणं, ते झालंच की. सुटी हाय, चार दिवस येऊ दे. पोरीचे हात रिकामेच हायत.”

सोमा वळला. त्याने ओट्याकडे बघितलं. माझ्याकडे, आणि माझ्यावर ठेवलेल्या त्या बोटांकडे.

“नायत रिकामे,” तो म्हणाला. “दिसत नाय का तुला? माझी पोरगी कामाला बसलीय.”

फुलाबाई टेम्पोत चढली, सोमा चढला, टेम्पो उताराला लागला. मीनाच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या बटणांवर पडलं. पाणी मला सोसत नाही. पण त्या दिवशी मी हूं की चूं केलं नाही. तिने ओढणीच्या टोकाने ते घाईघाईने टिपलं आणि पुढची ओळ लिहायला घेतली.